पेडल दाबलं की गाडी उशिरा उचलते (पेट्रोल, मॅन्युअल): थ्रॉटल बॉडी बदलू की पेडल बॉक्स बसवू?

रंकाळा_राउंड

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची हॅचबॅक, १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, पाच गिअरची मॅन्युअल, बीएस-४. मीटर ७१ हजारावर.

तक्रार अशी: दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये २०-३० च्या वेगाला पेडल दाबलं की पहिला पाऊण-एक सेकंद गाडी ढिम्म, मग झटका देऊन उचलते. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत हे फार जाणवतं. वाघबिळापासून पन्हाळ्याकडे चढताना पेडल तळाला टेकवूनही तिसरा टिकत नाही, दुसरा टाकावाच लागतो. पूर्वी तोच चढ तिसऱ्यात जायचा. आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू) ७५०-८०० आरपीएमला आहे, एसी लावला की किंचित थरथरतं. चेक इंजिनचा दिवा नाही. अ‍ॅव्हरेज १७ वरून १५ वर आलंय. एअर फिल्टर महिन्यापूर्वीच बदललाय, टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे.

एका ठिकाणी थेट नवीन थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) सांगितली, दुसऱ्या ठिकाणी पेडल बॉक्स. माझ्याकडे ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (इंजिनाचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) आहे. कशापासून सुरुवात करू? आणि हे सगळं पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे असेल का?

टॉर्क_रेंच

पेडल बॉक्सचा विषय आधी निकालात काढू. तुमच्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नाही. पेडलवर सेन्सर आहे, तो ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) व्होल्टेज पाठवतो आणि ईसीयू थ्रॉटल बॉडीची मोटर फिरवतो. पेडल बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून खोटं बोलतो: तुम्ही ३० टक्के दाबलं तर ईसीयूला ५० सांगतो. १०० ला मात्र १००च. म्हणजे चढावर पेडल तळाला असताना तो बॉक्स असला काय, नसला काय, सारखंच. आजार झाकायचे पैसे आहेत ते.

इथेनॉलचा हिशेब सोपा आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के इथेनॉल म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के, आणि आधीच्या १० टक्केवाल्याच्या तुलनेत तीन-चार टक्के घट. तुमचं १७ चं १५ झालंय, म्हणजे जवळजवळ बारा टक्के. सगळं खापर उसावर फोडता येणार नाही.

आता दुखणं कुठं आहे ते तीन भागांत वेगळं करा. पेडलचा हुकूम ईसीयूपर्यंत पूर्ण पोचतोय का? पोचत असेल तर इंजिन तेवढी ताकद काढतंय का? काढत असेल तर ती चाकापर्यंत जातेय का? डोंगल आहे म्हणजे या तिन्हींची उत्तरं घरबसल्या मिळतील. एवढी रीडिंग घ्या:

१) चावी ऑन, इंजिन बंद. मॅनिफोल्ड प्रेशर (थ्रॉटलच्या पुढं, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) बघा. इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापूरच्या उंचीला ९४-९५ किलोपास्कल यायला हवा. ८८ किंवा १०१ आला तर सेन्सरच खोटा आहे, पुढची रीडिंग घेण्यात अर्थ नाही.

२) तशाच स्थितीत पेडल दहा सेकंदांत सावकाश तळापर्यंत दाबा. अ‍ॅपमध्ये 'पेडल पोझिशन डी' आणि 'ई' असे दोन आकडे असतात. बऱ्याच गाड्यांत 'ई' हा 'डी'च्या निम्मा चालतो. दोन्ही आकडे न अडखळता चढले पाहिजेत. मध्येच उडी मारली किंवा थबकले तर सेन्सरची पट्टी झिजलीय.

३) इंजिन गरम, एसी बंद, आयडलिंग: मॅनिफोल्ड प्रेशर, थ्रॉटल टक्के, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते).

४) मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ४००० आरपीएमपर्यंत पेडल पूर्ण दाबून तेच आकडे लॉग करा. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः बघत बसू नका.

५) चौथ्या गिअरमध्ये ४०, ६०, ८० ला किती आरपीएम असतो ते लिहा.

उद्यमनगरी

भावा, नवीन थ्रॉटल बॉडीचा खर्च आत्ताच करू नको. ७१ हजारात कोणी उघडून बघितलीय का ते विचार. सर्व्हिसच्या बिलावर 'थ्रॉटल क्लिनिंग' लिहिलेलं असतं आणि पुष्कळदा नुसता पाइप काढून वरून स्प्रे मारलेला असतो. समोरची बाजू चकाचक, आणि पाकळीच्या (हवेची वाट उघड-बंद करणाऱ्या गोल झडपेच्या) मागं कार्बनचं कडं तसंच. खरा घाण थर मागच्या बाजूला असतो, कारण क्रँककेसची तेलकट वाफ आणि परत येणारी उष्णता तिथं साठते.

ते कडं पिकअप कसा मारतं ते सांगतो. पाकळी अगदी थोडी उघडते तेव्हा हवा कडेच्या बारीक फटीतून जाते. कार्बननं ती फट बुजली की आयडलिंग सांभाळायला ईसीयू पाकळी थोडी जास्त उघडून ठेवतो आणि तेवढं शिकून घेतो. म्हणून आयडलिंग ठीक दिसतं, दिवा लागत नाही. पण तू पेडल दाबलंस की पहिल्या काही अंशात हवा अपेक्षेपेक्षा कमी येते, मग कडं संपलं की भसकन येते. हाच तुझा 'ढिम्म, मग झटका'.

घरी करायचं असेल तर असं कर. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. एअर पाइपची क्लिप सैल करून पाइप बाजूला. कपलर काढताना लॉक दाबून काढ, वायर ओढू नको. चार बोल्ट असतात, बहुतेक १० चा पाना किंवा ५ ची अ‍ॅलन की. काही गाड्यांत बॉडीतून कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात. त्या असतील तर बॉडी लांब नेऊ नको, तिथंच वळवून साफ कर, नाहीतर नळ्या चिमटून काढ आणि नंतर कूलंट भरून घे.

स्प्रे थ्रॉटल बॉडी क्लीनरच घे. कार्बोरेटर क्लीनर, थिनर, पेट्रोल यातलं काही नको. पाकळीच्या कडेला कंपनीनं काळसर लेप दिलेला असतो, तो कार्बन समजून खरवडला की फट वाढते आणि आयडलिंग कायमचं वर राहतं. स्प्रे फडक्यावर मार, फडक्यानं पूस. कोपऱ्याला जुना मऊ टूथब्रश. बॉडी अशी धर की मोटरची बाजू वर राहील आणि द्रव शाफ्टमधून आत उतरणार नाही. पाकळी बोटानं जोरात ढकलू नको, आत प्लॅस्टिकचे गिअर असतात. लाकडी पट्टीनं अलगद उघडून धर. गॅस्केट चपटं झालं असेल तर नवीन टाक. बोल्ट तिरके-समोरासमोर, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर. अ‍ॅल्युमिनियममध्ये जाताहेत ते, ताकद दाखवू नको.

आणि बसवल्यावर लगेच गाडी घेऊन पळायचं नाही. आयडलिंग शिकवावं लागतं.

डबल_डीक्लच

उद्यमनगरींशी सहमत, पण थ्रॉटल बॉडीला हात लावायच्या आधी फुकटात तपासता येणाऱ्या चार गोष्टी आहेत. यातली पहिली तर लोकांच्या डोक्यातच येत नाही.

मॅट. ते जाड, तीन थरांचे, कडा उंच असलेले मॅट बसवलेत का? पेडल तळाला टेकलं असं वाटतं तेव्हा ते मॅटवर टेकलेलं असतं. रीडिंग क्रमांक दोन मॅटसह आणि मॅट काढून, असं दोन्ही वेळा घ्या.

ब्रेक स्विच. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेले दिसले तर ईसीयू थ्रॉटल कमी करतो. सुरक्षेसाठी तशी सोय असते. ब्रेक पेडलवरचा स्विच सरकलेला असेल तर पाय ब्रेकवर नसतानाही ईसीयूला तो दाबलेला वाटतो. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, लाल दिवा पेटलेला राहतो का बघा. स्विचमध्ये बहुधा दोन संपर्क असतात, त्यामुळे दिवा बरोबर असूनही दुसरा संपर्क चुकू शकतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ब्रेक ऑन-ऑफ बघणं जास्त खात्रीचं. क्लच पेडलवरच्या स्विचचंही तसंच. तो अडकला तर ईसीयूला क्लच कायम दाबलेला वाटतो आणि तो टॉर्क हळू सोडतो.

ब्रेक घासणं. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात, हँडब्रेकची केबल अडकते. आठ-दहा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवून थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. एकच चाक तापलेलं असेल तर तिथं घासतंय. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी एका माणसाच्या ढकलण्यानं हलली पाहिजे.

क्लच. टॉर्क_रेंच यांचं पाचवं रीडिंग त्यासाठीच आहे. एका गिअरमध्ये आरपीएम भागिले वेग हा आकडा कायम राहतो, राहिलाच पाहिजे. मध्ये दातेरी चाकं आहेत. पूर्ण पेडलवर तो आकडा वाढला की प्लेट घसरतेय. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात इंजिन बंद पाडायची जी जुनी परीक्षा आहे, ती करू नका. अर्धी झिजलेली प्लेटही त्यात पास होते आणि नाहक जळते.

रंकाळा_राउंड

सगळी रीडिंग घेतली. चौथं किणीच्या बाजूला हायवेवर, सकाळी रस्ता मोकळा असताना.

इंजिन बंद: मॅनिफोल्ड प्रेशर ९५.
पेडल डी: पाय न लावता १५.७. मॅटसह तळाला ६३, मॅट काढून ७९. आकडे कुठंही अडखळत नाहीत. पण ७९ च का, १०० का नाही?
आयडलिंग, गरम: प्रेशर ३८, थ्रॉटल १७.६ टक्के, लाँग टर्म ट्रिम अधिक ३, शॉर्ट टर्म उणे २ ते अधिक २.
तिसऱ्यात पूर्ण पेडल, मॅट काढून: ३५०० आरपीएमला प्रेशर ९१, लाँग टर्म ट्रिम अधिक ४.
चौथ्यात: ४० ला १५००, ६० ला २२४०, ८० ला २९९०.
ब्रेक, क्लच दोन्ही स्विच बरोबर दाखवताहेत. रिम चारही सारखे कोमट.

प्लग शेवटचे कधी बदलले ते बिलावर सापडत नाही.

टॉर्क_रेंच

छान घेतलीत. एकेक बघू.

७९ म्हणजे पूर्णच. तो पेडलचा टक्का नाही, सेन्सरच्या ५ व्होल्टचा टक्का आहे. १५.७ म्हणजे ०.७८ व्होल्ट, ७९ म्हणजे ३.९५ व्होल्ट. या दोन्हींच्या मधलं अंतर ६३.३. मॅटसह तुम्ही त्यातले ४७.३ च वापरत होता, म्हणजे पेडलचा पाव भाग मॅटनं खाल्लाय. पन्हाळ्याच्या चढाचं निम्मं कोडं इथंच सुटलं. पेडलखालचा भाग मोकळा राहील असं पातळ मॅट हुकाला अडकवून बसवा. सुटं मॅट सरकून पेडल दाबलेल्या अवस्थेत अडकवू शकतं, ते तर त्याहून वाईट.

पूर्ण पेडलवर ९१, बाहेर ९५. चारचाच फरक आहे. म्हणजे फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत हवेची वाट मोकळी. इथं ८० दिसला असता तर एअर फिल्टर, चेपलेला पाइप किंवा पूर्ण न उघडणारी पाकळी शोधली असती.

ट्रिम अधिक ३ आणि अधिक ४. हे उत्तम आहे. आयडलिंगला ट्रिम मोठी आणि रेस दिल्यावर कमी झाली तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. उलट, लोडवर वाढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय: टाकीतली जाळी किंवा पंप. दोन्ही नाही. पंपाला हात लावू देऊ नका कोणाला.

क्लचचं गुणोत्तर ३७.५, ३७.३, ३७.४ येतं. प्लेट घट्ट धरतेय. मात्र हे पूर्ण पेडलवर, चढावर एकदा परत बघा. सपाटीवर पास झालेली प्लेट कधी कधी तिथं उघडी पडते.

राहिलं काय? आयडलिंगचं १७.६. हा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे एकटा काही सांगत नाही. साफ केल्यावर तो किती उतरतो त्यावरून थर किती होता ते कळेल. आणि प्लग. बिल नाही म्हणजे ते जुनेच धरा. साधे निकेलचे प्लग ३०-४० हजारांपर्यंत. टोक झिजून गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि अचानक पेडल दाबल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो तेव्हा नेमकी तीच कमी पडते. दोन-चार ठिणग्या चुकतात. दिवा लागण्याइतक्या नाहीत, पायाला कळण्याइतक्या.

प्लग आधी, थ्रॉटल बॉडी नंतर, आणि मध्ये दोन दिवस चालवा. दोन्ही एकत्र केलंत तर गुण कशाचा ते कधीच कळणार नाही. इंजिन थंड असताना काढा. प्लगच्या खोबणीतली धूळ आधी हवेनं उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. गॅप मॅन्युअलमधला ठेवा. नवा प्लग हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग वॉशरवाला असेल तर अर्धा फेरा. कॉइलच्या रबरी बुटाला आतून भेग किंवा पांढरट रेघ दिसते का तेही बघून घ्या.

जुनं_ते_सोनं

मध्येच घुसतोय. माझी २००५ ची केबलवाली आहे. तिचंही पेडल जड आणि उशिरा. सेन्सर वगैरे भानगड नाही.

उद्यमनगरी

केबलवाल्याला दोन माणसं लागतात, बाकी काही नाही. इंजिन बंद ठेवून एकानं पेडल तळाला दाबायचं, दुसऱ्यानं बॉनेट उघडून थ्रॉटलचा लिव्हर स्टॉपरला टेकतो का बघायचं. टेकत नसेल तर केबल ताणलीय, अ‍ॅडजस्टरच्या दोन नटांनी ढील काढा. पण थोडी ढील ठेवाच, एकदम ताठ केली की रेस खाली येत नाही. जड लागत असेल तर केबल दोन्ही टोकांनी सोडून हातानं ओढून बघा. खरखर असेल तर बदला. आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरात ग्रीस भरू नका, धूळ धरून अजून जड होते. केबलचा एक तंतू जरी तुटलेला दिसला तरी आजच बदला, तो आवरणात अडकला की रेस तशीच राहते.

घाट_उतार

डिझेलवाल्यांना हेच लागू होतं का? १.५ टर्बो, मॅन्युअल, १८०० च्या खाली काहीच नाही.

डबल_डीक्लच

१८०० च्या खाली ढिम्म असणं हा टर्बोचा स्वभाव आहे, दुरुस्ती नाही, गिअर उतरवा. पूर्वी १८०० ला उचलायची आणि आता २४०० ला उचलते, असं असेल तर मात्र शोधावं लागेल. आधी इंटरकूलरचे रबरी पाइप: जोडाशी तेलाचा ओला डाग आणि दाबल्यावर फुस्स आवाज. मग टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरची बारीक व्हॅक्यूम नळी. ती कडक होऊन चिरते, किंवा उंदीर कुरतडतात. शेताकडेला गाडी लावणाऱ्यांनी हे पहिलं बघावं. त्यानंतर डिझेल फिल्टरमधलं पाणी, मग ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप). मॅनिफोल्ड प्रेशर इथं बाहेरच्या दाबाच्या वर जायला हवं. पूर्ण पेडलवर ९५ च्या आसपासच घुटमळत असेल तर टर्बोची हवा कुठं तरी गळतेय किंवा टर्बो फिरतच नाही. जास्त तपशील हवा असेल तर वेगळा धागा काढा, इथं सरमिसळ होईल.

रंकाळा_राउंड

अपडेट देतो.

मॅट काढलं: वाघबीळ ते पन्हाळा तिसऱ्यात गेली, फक्त शेवटच्या तीव्र वळणांना दुसरा.
प्लग: काढलेल्यांचा गॅप १.३ मिलिमीटर, मॅन्युअलमध्ये १.० आहे. बदलल्यावर झटका गेला, पण सुरुवातीची ढिम्माई थोडी राहिली.
थ्रॉटल बॉडी: समोरून स्वच्छ, मागं काळं कडं, अगदी उद्यमनगरी म्हणाले तसं. साफ केल्यावर आयडलिंग आता ११०० ला चढून बसलंय आणि खाली येत नाही. काही बिघडवलं का मी?

उद्यमनगरी

काही बिघडलं नाही. ईसीयूला अजून जुनं, बुजलेलं कडंच आठवतंय, म्हणून तो पाकळी जास्त उघडतोय. आधी गॅस्केट नीट बसलंय आणि एअर पाइपची क्लिप घट्ट आहे ते बघ. मग एसी, दिवे, पंखा सगळं बंद. पेडलला पाय न लावता चावी ऑन, अर्धा मिनिट थांब. चावी ऑफ, वीस सेकंद. परत ऑन करून स्टार्ट कर आणि रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत तशीच चालू ठेव. मग एसी लावून पाच मिनिटं. बऱ्याच गाड्या एवढ्यावर उतरतात. नाही उतरली तर चांगला स्कॅनर असलेल्याकडून थ्रॉटल अ‍ॅडॅप्टेशन (ईसीयूला पाकळीची नवी जागा शिकवणं) करून घे, दहा मिनिटांचं काम आहे. ते करायच्या आधी कोणी बॉडी बदला म्हणालं तर ऐकू नको.

रंकाळा_राउंड

दुसऱ्या वेळेला उतरलं. आयडलिंग ७७०, थ्रॉटल १७.६ वरून १४.१. एसी लावल्यावरची थरथरही गेली. पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबताना किंचित मऊपणा आहे अजून, पण दुसऱ्यापासून ठीक.

टॉर्क_रेंच

साडेतीन टक्के उतरलं म्हणजे थर चांगलाच होता. पहिल्या गिअरमधला मऊपणा बहुधा कंपनीचाच आहे; गाडी हिसके खाऊ नये म्हणून खालच्या गिअरमध्ये ईसीयू थ्रॉटल मुद्दाम सावकाश उघडतो. त्याला दुरुस्ती नाही. एअर फिल्टर मात्र उसाच्या हंगामात मॅन्युअलपेक्षा निम्म्या अंतरावर उघडून बघा, विशेषतः कारखान्याच्या किंवा शिरोली एमआयडीसीच्या बाजूला रोज जाणं असेल तर. आणि १४.१ हा आकडा सर्व्हिसच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो १६ च्या वर गेलेला दिसला की साफ करायची वेळ झाली.